क्वार्टर्समधले उसने आजी-आजोबा

आम्ही दोघे मिशनरी आहोत असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी एक सावध भाव येतो, आणि तो येणे स्वाभाविकही आहे. माझे यजमान खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले, मी शाळेत शिकवत होते, आणि आमच्या चर्चच्या मंडळीने आमच्याकडे जे काम सोपवले आहे त्यात ना प्रवचन आहे, ना पत्रके वाटणे. ज्या जवानांची नेमणूक सीमेवर आहे आणि ज्यांची बायकामुले पुण्यात राहतात, अशा कुटुंबांना दिवाळीपासून नाताळापर्यंतच्या दिवसांत लागेल ती मदत करायची, एवढेच ते काम आहे.

हे काम वयस्कर जोडप्याला द्यावे ही कल्पना आमच्या पाळकसाहेबांना अमेरिकेतल्या एका पंथावरून सुचली. सॉल्ट लेक सिटी येथे मुख्यालय असलेल्या लेटर-डे सेंट्स या पंथात निवृत्त दांपत्ये स्वखर्चाने सहा महिन्यांपासून जवळपास दोन वर्षांपर्यंत घरदार सोडून सेवेला जातात, आणि त्यांपैकी काहींची नेमणूक खास लष्करी तळांच्या आसपास, सैनिकांच्या कुटुंबांसाठी केली जाते. आमचा पंथ वेगळा, श्रद्धाही बऱ्याच वेगळ्या. पण नातवंडे दूर असलेली आणि गुडघे अजून चालणारी माणसे या कामाला योग्य, हा त्यांचा हिशेब पाळकसाहेबांना पटला. आम्ही घरदार मात्र सोडलेले नाही. पिंपळे गुरवहून स्कूटरने जातो आणि रात्री जेवायला घरी येतो.

पुण्यात चर्चचा आणि फौजेचा संबंध तसा जुना आहे. १८१७ साली खडकीची लढाई झाली, पेशवाई गेली, छावणी वसली, आणि त्या छावणीसाठी लष्कर भागात सेंट मेरीज चर्च उभे राहिले, ज्याची प्रतिष्ठापना १८२५ मध्ये बिशप हेबर यांच्या हस्ते झाली. खडकीचे ऑल सेंट्स चर्च १८४१ चे. दोन्हींच्या भिंतींवर सैनिकांच्या स्मृतिशिळा आहेत. त्या वाचताना माझे लक्ष नेहमी त्या माणसामागे राहिलेल्या घराकडे जाते, कारण शिळेवर त्याचा हुद्दा असतो, पलटण असते, मरणाची तारीख असते. पण त्याच्या बायकोने पुढचा नाताळ कुठे आणि कसा काढला, हे तिथे कोणी कोरलेले नसते.

आजची परिस्थिती अर्थात निराळी आहे. जवानाची बदली फील्डमध्ये झाली की कुटुंब बरोबर नेता येत नाही. मग काही जणी सासरी गावाला जातात आणि काहींना पुण्यासारख्या ठिकाणी, ज्याला सगळे एसएफ (सेपरेटेड फॅमिली, म्हणजे जवानापासून वेगळे राहणाऱ्या कुटुंबाचे) क्वार्टर म्हणतात, तशी जागा मिळते. मुलांच्या शाळेसाठी आणि एमएचमधल्या, म्हणजे लष्करी रुग्णालयातल्या, उपचारांसाठी ही सोय फार मोलाची आहे. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा असते, शिवाय किरकोळ रजा असते; पण सगळ्यांना एकाच दिवाळीला सोडले तर चौकीवर कोण राहणार, म्हणून कोणाला दिवाळी मिळते, कोणाला नाताळ, कोणाला लोसर किंवा ओणम, आणि कोणाला फेब्रुवारीतली एखादी कोरडी तारीख. याबद्दल क्वार्टर्समधल्या बायका तक्रार करत नाहीत. त्यांची अडचण साधी असते. सणाच्या घरात दोन मोठी माणसे जास्तीची लागतात, आणि ती सातारा, सांगली किंवा थेट गढवालमध्ये असतात.

आम्ही तिथे आपल्या मर्जीने जात नाही, जाताही येत नाही. ज्या घराने बोलावले आहे त्या घराचा फोन गेटवर जातो, आमची ओळखपत्रे तपासली जातात, स्कूटरचा नंबर वहीत लिहिला जातो, आणि मगच आत सोडतात. धर्माच्या बाबतीत तर सैन्याची स्वतःची व्यवस्था आहे: पलटणीत पंडित, ग्रंथी, मौलवी किंवा पाद्री असे धर्मशिक्षक असतात, ते जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) हुद्द्याचे असतात, आणि अनेक ठिकाणी एकाच छपराखाली सर्वधर्मस्थळ असते. त्यामुळे आमच्या प्रवचनाची तिथे कोणाला गरज नाही, आणि कोणी आपणहून विचारल्याशिवाय येशूचे नाव काढायचे नाही हा नियम आम्ही पहिल्यापासून पाळला आहे. अडचणीतल्या माणसाला मदत करून मग हळूच आपला धर्म पुढे सरकवणे मला व्यक्तिशः अप्रामाणिक वाटते. आमच्या मंडळीत सगळ्यांनाच हे पटते असे नाही, पण काम आम्ही करतो.

दिवाळीत यजमानांकडे मुख्य खाते किल्ल्यांचे. पुण्यातल्या मुलांना दिवाळीत किल्ला केल्यावाचून सुट्टी लागल्यासारखी वाटत नाही, आणि ही लागण तमिळ, गढवाली, बिहारी अशा सगळ्या घरांतल्या मुलांना पुण्यात आल्यावर होते. विटांचे तुकडे, गोणपाट, तांबड्या मातीचे पोते, किल्ल्यावर हिरवळ उगवावी म्हणून अळीव, कुंभारवाड्यातून आणलेले मावळे, हे सगळे जमवणे आठ वर्षांच्या मुलाच्या आवाक्यातले नसते आणि त्याच्या आईला त्यासाठी वेळ नसतो. एका तिसरीतल्या मुलाने यजमानांबरोबर दोन बुरुजांचा किल्ला केला आणि काश्मीरमधल्या आपल्या वडिलांना व्हिडिओ कॉलवर दाखवला. वडिलांनी कौतुक वगैरे केलेच नाही. त्यांनी नीट पाहिले आणि विचारले, "बुरुजावर एकच मावळा कसा काय ठेवलास? पहाऱ्यावर माणूस एकटा ठेवत नाहीत." मुलाकडे जास्तीचे मावळे नव्हते, म्हणून त्याने सिंहासनाजवळचा एक काढून बुरुजावर लावला. मग दरवाजा, मग पाण्याचे टाके, अशी तपासणी नेटवर्क जाईपर्यंत चालली. यजमान बाजूला चिखलाचे हात घेऊन उभे होते, आणि त्यांना म्हणे कारखान्यातल्या इन्स्पेक्शनची आठवण झाली.

माझ्याकडे कढई असते. फोन नेमका तळणाच्या वेळी येतो, हा क्वार्टर्समधला सर्वमान्य अनुभव आहे. चौकीवरून फोन कधी लागेल याला वेळापत्रक नाही, लागला तर किती मिनिटे टिकेल याची खात्री नाही, आणि तुपात अनारसा सोडलेला असताना गॅस बंद केला तर घाणा फुकट जातो. अशा वेळी "काकू, जरा बघा" एवढे म्हणून जवानाची बायको गॅलरीत पळते आणि झारा माझ्या हातात येतो. अनारसे हसले तर हसोत. तिने पूर्ण बोलून यावे, आत आल्यावर डोळे पुसलेले दिसले तर मी घाण्याबद्दलच काहीतरी विचारावे, हे आता ठरून गेल्यासारखे झाले आहे.

बाहेरच्यांना वाटते की लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ या घरांना जड जात असेल. मी पाहिले आहे त्यावरून जड जातो तो पाडवा. लक्ष्मीपूजनाला घरात धांदल असते, मुले फटाक्यांमागे असतात, शेजारच्या ब्लॉकमधल्या बायका एकमेकींकडे जातात. पण पाडव्याला बायकोने नवऱ्याला ओवाळायचे असते, आणि त्या दिवशी ज्यांचे नवरे घरी आहेत त्यांच्याकडे जाणे बरे वाटत नाही. म्हणून आम्ही इतर दिवशी जमेल तसे जातो, पाडव्याला मात्र चुकवत नाही. दुपारी चारच्या सुमारास चहाला जायचे आणि मुलांना बाहेर फिरवून आणायचे, म्हणजे आईला तासभर झोपता येते. हा तास सगळ्यांना हवा असतो, पण मागायला कोणी धजत नाही.

सत्कारांविषयी थोडे कडू बोलावे लागेल. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो, त्याचा निधी खरोखर उपयोगी पडतो, आणि त्याला जोडून शहरात सैनिकांच्या कुटुंबांचे बरेच कार्यक्रम होतात. अशाच एका कार्यक्रमाला मी एका मुलीबरोबर गेले होते. तिला तान्हे बाळ होते. व्यासपीठावर तिला तीन तास बसवले, पाहुण्यांनी शौर्यावर भाषणे केली, आणि शाल-श्रीफळ मिळेपर्यंत बाळाला पाजायला उठता येईना. तिने सहन केले, कारण फौजीच्या बायकोने कुरकुर करायची नसते असे तिला शिकवलेले आहे. मला विचाराल तर तो नारळ घरी पोहोचवून कुणी तिच्या कुकरची शिट्टी बदलून दिली असती तर जास्त मान राखला गेला असता.

कागदपत्रांचे काम रुक्ष आहे, ते लवकर सांगून टाकते: बाळाच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर (म्हणजे जवानाच्या लष्करी नोंदींत बाळाचे नाव चढवणे), बँकेचे केवायसी, शाळेचे अर्ज. निवृत्त शिक्षिकेला फॉर्म भरण्याची भीती नसते.

नाताळात आमची बाजू उलटी होते, म्हणजे पाहुणचार आमचा असतो. नागालँड आणि मिझोरामकडच्या घरांना दिवाळीत तेवढे काही वाटत नाही, पण २४ डिसेंबरची रात्र त्यांना आपल्या डोंगरांशिवाय काढायची असते. मराठी ख्रिस्ती घरात नाताळाला करंज्या, चकल्या, शंकरपाळे होतात हे पाहून त्या बायकांना आश्चर्य वाटते, आणि त्यांनी चार आवाजांत गायलेली गीते ऐकून आमच्या गायनमंडळाला स्वतःची थोडी लाज वाटते. रेव्हरंड टिळकांची भजने मात्र आम्ही टाळ घेऊन म्हणतो, ती त्यांना जमत नाहीत, त्यामुळे फिटंफाट होते. दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरकडे जाण्याचा रिवाज आहे. मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठीची ही संस्था १९७४ पासून चालते. तिथले रहिवासी गाणी ऐकून घेतात आणि मग व्हीलचेअर बास्केटबॉलकडे वळतात, जे त्यांना गाण्यांपेक्षा अर्थातच प्रिय आहे.

या नाताळात बरोबर यायचे असेल त्यांनी ओळखपत्राची प्रत पंधरा दिवस आधी द्यावी, कारण गेटवर ऐन वेळी काही चालत नाही. केक आणू नयेत. केक दरवर्षी उरतात. चकलीचा सोऱ्या न थकता फिरवणारे हात कमी पडतात, आणि ज्यांच्याकडे चारचाकी आहे त्यांनी २४ तारखेच्या रात्री उशिरापर्यंत मोकळे राहावे, कारण लहान मुले झोपल्यावर त्यांना स्कूटरवरून परत नेता येत नाही.