अमळनेरची ब्रेझा

आज अमळनेरला मारुतीची जुनी ब्रेझा बघून आलो. २०१८ ची डिझेल, एमएच १९, मीटरवर ६२ हजार. ते १.३ लिटरचं डिझेल इंजिन २०२० मध्ये बीएस ६ हे प्रदूषणाचे नवे नियम आल्यावर बंदच झालं, म्हणून जीव अडकलेला. शेतरस्त्याला १९८ मिलीमीटर ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची) म्हणजे चैनच.

भर दुपारी मुद्दाम गेलो. खान्देशात एसी तपासायला याहून चांगला मुहूर्त नाही! एसी झकास, क्लचही हलका. मग सोबतच्या मेकॅनिक भाऊने टायरवरचे चार आकडे दाखवले: ०९१८. म्हणजे २०१८ च्या नवव्या आठवड्यातले, अजून पहिलेच. वरून डावीकडच्या दाराच्या बोल्टचा रंग उडालेला, म्हणजे दार कधीतरी काढून पुन्हा बसवलंय. मालक म्हणे, "किरकोळ घासली होती." आरसीवर बँकेचा बोजाही तसाच. कर्ज फिटलंय म्हणतात, पण बँकेचं ना-हरकत पत्र, म्हणजे एनओसी, "घरात कुठंतरी" आहे.

आप्पा गाडीभोवती दोन चकरा मारून चहाला बसले. येताना एवढंच म्हणाले, "गाडी चांगली शे, पन घाई कसाले?"

बयाणा दिला नाही. एनओसी सापडली की फोन करा म्हटलंय. जुन्या टायरचे पैसे मात्र किमतीतून कापणारच.