रत्नागिरीत भाड्याची गाडी आणि चतुर्थीची भरती

रत्नागिरी, मार्गशीर्ष वद्य चतुर्थी

आज संकष्टी. इथं गाडी भाड्याने घेऊन समुद्र बघायचा तर आधी पंचांग बघावं, ठिकाणांची यादी मागाहून. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. चतुर्थी म्हणजे चार, चाराची पाऊणपट तीन. पहाटे तीनला भरती, पुढची दुपारी साडेतीनच्या सुमारास, कारण दोन भरत्यांमध्ये १२ तास आणि वर साधारण २५ मिनिटं जातात. मधली सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, सकाळी सव्वानऊच्या आसपास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा. पौर्णिमा-अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे, त्यामुळे आजही पाणी बरंच आत जाईल आणि बरंच वर येईल. या एका आकड्यावर दिवसभराचा रस्ता ठरतो: सकाळी भाट्ये, दुपारी उंचावरची ठिकाणं, संध्याकाळी पुन्हा किनारा.

गाडी ताब्यात घेताना आधी नंबरप्लेट बघावी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असली तर ती स्वतः चालवायला भाड्याने देण्याची परवानगी असलेली गाडी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे ड्रायव्हरसकटची टॅक्सी. पांढऱ्या पाटीची गाडी कुणी स्वस्तात देऊ केली तर नाही म्हणावं. खासगी गाडी भाड्याने फिरवली की अपघातात विमा कंपनी हात वर करते, आणि चावी ज्याच्या हातात त्याच्यावर सगळं येतं. एवढ्याशा बचतीसाठी हा धोका घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. आरसी, विमा, पीयूसी आणि परमिट यांच्या तारखा तिथंच वाचून घ्याव्यात. जुनं चलन थकलंय का, तेही तपासावं.

मग मोबाईलवर एक सलग व्हिडिओ. चारही बाजू, बंपरच्या खालची कड, चारही रिम, काच, छत, आणि शेवटी चालू डॅशबोर्ड, म्हणजे किलोमीटर आणि इंधनाचा काटा एकाच चित्रात येतात. कोकणातल्या गाडीवर डाव्या आरशाच्या कडेला आणि डाव्या मागच्या दारावर ओरखडा हमखास असतो, कारण वाडीतल्या रस्त्याला दोन्हीकडून जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती असतात आणि समोरून एसटी आली की माणूस डावीकडे दाबतो. तो ओरखडा आधीचा आहे हे व्हिडिओत दिसलं पाहिजे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३२२ म्हणजे २०२२ सालच्या तेविसाव्या आठवड्यातलं टायर. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरलेलं टायर घेऊ नये. स्टेपनीत हवा आहे का, जॅक, पाना आणि ओढायचा हूक जागेवर आहेत का, हे डिकी उघडून बघावं. हूक बहुतेक वेळा नसतो, आणि वाळूत लागतो तो नेमका तोच.

रोजची किलोमीटरची मर्यादा किती आणि वरच्या प्रत्येक किलोमीटरला किती, हे लिहून घ्यावं. अंतरं तशी मोठी नाहीत. रेल्वे स्टेशन कुवारबावला, गावापासून सहा-सात किलोमीटर. गणपतीपुळे आरे-वारे मार्गाने सुमारे २५. दक्षिणेला पावस पंधरा-वीस. सगळं एका दिवसात केलं तरी शंभर-सव्वाशेच्या आत बसतं, पण सगळं एका दिवसात करू नये.

सकाळी गाडी चालू करून पहिला ब्रेक दाबला की चाकातून खर्र असा आवाज येतो. घाबरण्याचं कारण नाही. रात्रभरच्या खाऱ्या दमट हवेने ब्रेकच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो, चार-पाच ब्रेकांत तो घासून जातो. त्यानंतरही आवाज राहिला तर मात्र पॅड संपलेत. पुढच्या काचेवर मिठाचा चिकट थर असतो. कोरडा वायपर फिरवला की तो पसरतो आणि संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड असताना समोरचं काहीच दिसत नाही. गोडं पाणी आणि फडकं घेऊन हातानेच पुसावी.

साळवी स्टॉप, मारुती मंदिर, जयस्तंभ हा मुख्य रस्ता रुंद आहे. राम आळीत गाडी घालू नये. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान आहे (२३ जुलै १८५६), तिथंही गाडी जरा लांब लावून चालत जाणंच सोयीचं. मिरकरवाडा बंदरात तर नक्कीच: मासळीच्या पाण्याने रस्ता निसरडा आणि बर्फाच्या गाड्यांची सतत ये-जा. नकाशा दाखवतो म्हणून प्रत्येक गल्लीत वळायचं नसतं. आळ्यांमधून आणि वाड्यांमधून पाखाड्या आहेत, जांभ्याच्या पायऱ्यांच्या. मोबाईलला त्या रस्त्यासारख्याच दिसतात. पुढे पायरी दिसल्यावर दोन गडग्यांमधून उलटं येणं फार कठीण जातं.

भाट्याच्या पुलावरून काजळी नदी ओलांडली की उजवीकडे सुरूचं बन आणि त्यापलीकडे लांबलचक, सपाट किनारा. आठ ते दहा ही आजची खरी वेळ: पाणी मागे गेलेलं, वाळू ओली आणि पायाखाली घट्ट, मतलई वारा जमिनीकडून येणारा, ऊन अजून कोवळं. या घट्टपणामुळेच लोक फसतात. पायाला टणक लागणारी वाळू हजार किलोच्या गाडीला टणक नसते, आणि ओली पट्टी व रस्ता यांच्यामध्ये भुसभुशीत कोरड्या वाळूचा पट्टा असतोच. जाताना उतारावर गाडी निभावून जाते, परतताना त्याच पट्ट्यात रुतते. गाडी रस्त्याच्या कडेला पक्क्या जमिनीवर लावावी, बस. वाळूत गाडी घातल्याबद्दल पोलीस कारवाई करतात. आणि नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा काळ. गावखडी, गुहागरच्या किनाऱ्यांवर त्या वाळूखाली अंडी असतात. चाकाखाली काय येतंय ते वरून दिसत नाही. मला तरी एवढं एकच कारण पुरेसं वाटतं.

तरीही कुणाची गाडी रुतलीच तर पहिली गोष्ट, ॲक्सिलरेटर सोडा. चाक जागच्या जागी फिरलं की खड्डा खोल होतो आणि गाडीचं पोट वाळूवर टेकतं. मग चाकं कितीही फिरली तरी उपयोग नाही. सगळ्यांनी उतरावं, सामान काढावं. लहान गाड्यांना ओढ पुढच्या चाकांची असते, म्हणून पुढच्या चाकांच्या पुढची वाळू हाताने उपसून लांब उतार करावा, पोटाखालचीही काढावी. चारही टायरांची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवावी, टायर पसरट होऊन वाळूवर जास्त टेकतं. पायपुसणी किंवा सुकी झावळ चाकापुढे सारावी, स्टिअरिंग सरळ ठेवावं, दुसऱ्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडावा. आल्या चाकोरीने मागे जाता आलं तर ते अधिक सोपं. बाहेर आल्यावर मऊ टायरांनी वेग वाढवू नये, जवळच्या पंपापर्यंत सावकाश जाऊन दाराच्या चौकटीवर लिहिलेली हवा भरून घ्यावी. भरती लागलेली असेल तर हे सगळं सोडून आधी ट्रॅक्टरला निरोप धाडावा. पाणी इंजिनापर्यंत पोचलं असेल तर चावी फिरवूच नये: सिलिंडरमध्ये पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विम्यात ते नुकसान सहसा बसत नाही.

दुपारी पाणी चढत असताना थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८५ साली पदच्युत झाला, इंग्रजांनी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं, १९१० मध्ये हा वाडा झाला आणि १९१६ मध्ये राजा इथंच वारला. जवळच्या थिबा पॉइंटवरून खाली भाट्याची खाडी भरत जाताना दिसते. सकाळी जिथे चाललो तिथली रेती गेलेली असते.

गाडी लावताना सावलीचा मोह आवरावा. माडाखाली तर कधीच नको, नारळ नाही पडला तरी झावळ पडते आणि काच जाते. आता आंब्याला मोहोर धरायला लागेल. मोहोरावरच्या तुडतुड्यांचा चिकटा काचेवर आणि छतावर पडतो आणि त्यावर धूळ बसते. सुरूच्या काड्या पुढच्या काचेखालच्या जाळीत साचून पाण्याची वाट बुजवतात. उन्हात लावून काचेला आतून पुठ्ठा लावणं बरं.

आरे-वारेचा रस्ता शिरगाव, साखरतर करत जातो. वळणावर अचानक दोन किनारे एकदम दिसतात आणि लोक तिथंच ब्रेक मारतात. मागच्याला ते दिसत नाही. वळण संपवून, रुंद जागा बघून थांबावं. उतरताना दुसरा गिअर, कडेला जांभ्याचा बारीक खडा असतो, त्यावर टायर सरकतं. हा रस्ता उजेडातच करावा. आज संकष्टी असल्याने गणपतीपुळ्याला गर्दी असणार, दर्शन घ्यायचंच असेल तर पहाटे निघायला हवं होतं. नुसता समुद्र हवा असेल तर पुळं उद्यावर टाकावं. आरे-वारे आणि पुळं, दोन्हीकडे पोहण्याचा मोह नको. चारनंतर ओहोटी लागलेली असते, पाणी पायाखालची वाळू ओढत माणसालाही आत नेतं, आणि या किनाऱ्यांवर माणसं गेलेली आहेत.

सूर्यास्त सहाच्या सुमारास. मांडवीची काळसर वाळू त्या वेळी बघावी, नाहीतर रत्नदुर्गावरून, जिथे तिन्ही बाजूंनी समुद्र आहे.

डिकीत पाच लिटर गोडं पाणी आणि जुनी चादर असावी: पाय धुवून बसायचं, सीटवर चादर. आतली वाळू साफ करण्याचे पैसे डिपॉझिटमधून कापले जातात आणि सीटच्या रुळात अडकलेली वाळू सहज निघतही नाही. परत देण्याआधी गाडी धुवून घ्यायची तर वरून चकचकीत करण्यापेक्षा खालून, चाकांच्या कमानींत आणि पोटाला गोड्या पाण्याचा फवारा मारायला सांगावा. मग पंपावर काटा होता तिथपर्यंत इंधन, डॅशबोर्डचा फोटो, तसाच एक व्हिडिओ, आणि डिपॉझिट परत मिळाल्याशिवाय चावी सोडायची नाही.