तारू फुटलं, माणसं वाचली

माल्टाच्या उत्तर किनाऱ्यावर सेंट पॉल्स बे नावाचा उपसागर आहे. मी काम करते त्या वृद्धाश्रमापासून बसने जाता येतं. समोर पाण्यात लहानशी बेटं आणि एका बेटावर येशूचा संदेश सांगत फिरणाऱ्या प्रेषित पौलाचा उंच पुतळा. इ.स. ६०च्या सुमारास रोमला निघालेलं, पौलासह कैद्यांना नेणारं तारू इथेच फुटलं अशी इथली परंपरा आहे. दर १० फेब्रुवारीला त्याचा सण असतो, देशभर सुट्टी. व्हॅलेटा शहरात पौलाची मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवणूक निघते, बँड वाजतात, बाल्कन्यांमधून कागदाचे कपटे उधळतात. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत आले, त्यांच्या परंपरेतली आमची मुंबईतल्या भायखळ्याची मंडळी, म्हणजे आमचं चर्च. आमच्याकडे मूर्ती नाही, मिरवणूक नाही. तरी मी दरवर्षी त्या गर्दीत उभी राहते, कारण बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या २७व्या अध्यायाने, याच तारवाच्या गोष्टीने, मला एक वर्ष तगवलं.

एप्रिल २०२१, करोनाची दुसरी लाट. मुंबईतल्या तुम्हा सगळ्यांना तो महिना वेगळा सांगायला नको. आई लालबागच्या खोलीत तापाने फणफणलेली, दादा इस्पितळात बेड मिळावा म्हणून वॉर्डाच्या वॉर रूमला फोन लावून थकलेला. बेड मिळाला, तर तिथे ऑक्सिजन पुरेल की नाही याचा भरवसा नाही. मला इथून निघता येण्यासारखं नव्हतं. परदेशात राहणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त भीती याच फोनची असते. डॉक्टरांनी दादाला सांगितलं, मनाची तयारी ठेवा. रात्री पाळकसाहेबांनी मंडळीला फोनवरच प्रार्थनेला जमवलं आणि हाच अध्याय वाचला.

तो अध्याय मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण त्या रात्री पहिल्यांदा नीट ऐकला. २७६ माणसं. कित्येक दिवस सूर्य नाही, तारे नाहीत, आणि त्या काळी त्यांच्यावाचून दिशा कळत नसे. माल समुद्रात फेकला, मग तारवाचं सामान फेकलं. शेवटी वाचण्याची आशाच सुटली असं हे पुस्तक लिहिणारा लूक सरळ लिहून ठेवतो. विश्वासणाऱ्यांचा लेखक, आणि तो तारवात असलेल्या स्वतःलाही त्यातून वगळत नाही. देवदूत रात्री पौलाजवळ उभा राहतो, वचन मिळतं, पण त्यानंतरही वादळ थांबत नाही. चौदाव्या रात्री खलाशी पाण्याची खोली मोजतात, २० वाव, मग १५ वाव. खडकावर आपटू म्हणून मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि दिवस उजाडण्याची वाट पाहतात. उजाडता उजाडता पौल सगळ्यांना म्हणतो, काहीतरी खाऊन घ्या. भाकर घेऊन देवाचे आभार मानतो आणि सगळ्यांदेखत खायला लागतो.

मला वाटतं, विश्वास तिथे आहे. किनारा अजून दिसलेला नाही, पण तो जेवतो आणि इतरांना जेवायला लावतो. मी दादाला फोन करून पहिलं विचारलं, तू जेवलास का? वहिनीने सांगितलं, दोन दिवस चहावर आहेत.

आणि देवाने वचन कशाचं दिलं होतं? जीव कोणाचा जाणार नाही, तारू मात्र जाईल. तसंच झालं. कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, सगळे किनाऱ्याला लागले. पौल त्यानंतरही कैदीच होता, तीन महिन्यांनी दुसऱ्या तारवातून रोमला गेला. आमचंही तसंच. आई वाचली. इस्पितळाच्या बिलासाठी आजोबांच्या काळापासूनची लालबागची खोली विकावी लागली, आणि आता आई दादासोबत बदलापूरला राहते. खोलीचं दुःख आम्हाला अजून आहे, ते असू द्यावं असं मला वाटतं.

पण त्याच रात्री त्याच फोनवर आमच्या शेजारच्या काकूंच्या मुलासाठीही प्रार्थना झाली होती. तितकेच लोक, तितकेच अश्रू. तो गेला. "तुमचा विश्वास कमी पडला" असं त्यांना कोणीतरी म्हणालं, हे ऐकून मला आजही राग येतो. कृत्यांच्याच १२व्या अध्यायात हेरोद राजा प्रेषित याकोबाला तलवारीने मारतो आणि प्रेषित पेत्र तुरुंगातून सुटतो. याकोबासाठी मंडळीने काय प्रार्थना कमी केली असेल? शास्त्र याचं कारण देत नाही, मग आपण कोण देणारे? बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकात शद्रख, मेशख आणि अबेद्‌नगो हे तिघे जळत्या भट्टीपुढे उभे राहून बाबेलच्या राजाला म्हणाले होते की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. त्या "तरी"वर मी माझा सगळा भार टाकलेला आहे. आई वाचली म्हणून नव्हे. ती गेली असती तरी याच देवाकडे रडत गेले असते, कारण वधस्तंभावरून ज्याला कोणी जिवंत खाली उतरवलं नाही त्या येशूलाच देवाने तिसऱ्या दिवशी उठवलं, असं मी मानते.

आई आता महिन्यातून एका रविवारी बदलापूरहून लोकलने भायखळ्याला उपासनेला येते. काकूंसाठी डबा आणते. उपासना संपल्यावर दोघी मागच्या बाकावर बसून जेवतात, आणि त्यांच्या मुलाविषयी बोलतात.