कानेदाची बाइक कागदावर कुठे फसते

'अकिरा' या जपानी चित्रकथेवर आणि तिच्यावरच्या अ‍ॅनिमेशनपटावर चित्र काढायला बसलेला माणूस बहुतेक वेळा तिचा नायक कानेदा याच्या लाल बाइकपासूनच सुरुवात करतो, आणि बहुतेकांची बाइक चाकांवर फसते. रंग बरोबर असतो, अंगावरचे स्टिकर जागच्या जागी असतात, मागे निओ-टोकियो या कथेतल्या शहराच्या इमारतीही उभ्या असतात. गाडी मात्र रस्त्याला टेकलेली वाटत नाही.

आधी संदर्भ ठरवा. कात्सुहिरो ओतोमो यांची मंगा (जपानी चित्रकथा) १९८२ ते १९९० या काळात 'यंग मॅगझिन' या जपानी मासिकवजा नियतकालिकात आली, सिनेमा १९८८चा. मंगा बहुतांश काळीपांढरी आहे आणि तिचा जीव रेषेत आहे. सिनेमात रंग आणि दिवे आहेत. दोन्हींतली थोडी थोडी उचलेगिरी केली की चित्र धड ना इकडचं, धड ना तिकडचं होतं. शाईचं काम करायचं असेल तर मंगेची पानं समोर ठेवा, रंगीत करायचं असेल तर सिनेमातली स्थिरचित्रं.

आता चाकं. कोनातून पाहिलेलं चाक म्हणजे लंबवर्तुळ, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. चूक होते ती लंबवर्तुळाच्या आखूड अक्षात. हा अक्ष नेहमी चाकाच्या आसाच्या दिशेने जातो. गाडी ३० अंश कलली तर आस कलतो आणि त्याच्याबरोबर लंबवर्तुळही कलतं. चाकं उभीच ठेवून वरची बॉडी तेवढी तिरकी केली, तर गाडी मोडल्यासारखी दिसते. म्हणून आधी आसाची रेघ फिकट पेन्सिलीने ओढा, तिला काटकोनात लांब अक्ष टाका आणि मगच वर्तुळाला हात घाला. सिनेमातली ती प्रसिद्ध आडवी घसरण काढायची असेल तर पुढचं चाक वळलेलं असतं. त्याचा आस वेगळा, म्हणजे लंबवर्तुळही वेगळं. मागच्याची नक्कल पुढे चालत नाही.

चाक किती चपटं, हे डोळ्यावर सोडू नका. ३० अंशांच्या लंबवर्तुळात (म्हणजे आपली नजर चाकाच्या सपाटीशी ३० अंशांचा कोन करते तेव्हा; गाडीच्या कलण्याशी याचा संबंध नाही) आखूड अक्ष लांब अक्षाच्या निम्मा असतो, ४५ अंशांच्यात सुमारे ०.७१ पट. लंबवर्तुळं आखायचं टेम्प्लेट मोठ्या मापाचं मिळत नसेल तर कागदाची पट्टी पुरते. समजा चाक १२० बाय ६० मिमी आहे. पट्टीच्या कडेवर एक खूण करा. तिच्यापासून ३० मिमीवर दुसरी आणि, त्याच बाजूला, ६० मिमीवर तिसरी. दुसरी खूण लांब अक्षावर आणि तिसरी आखूड अक्षावर ठेवून पट्टी सरकवत जा, पहिल्या खुणेशी ठिपके देत जा. ज्यांनी इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला भूमितीचा पेपर दिलाय त्यांना हे नवीन नाही, फक्त तेव्हा त्याचा उपयोग कोणी सांगितला नव्हता.

आपल्या डोळ्यांना स्प्लेंडर-पल्सरची सवय, त्यामुळे पुढच्या चाकाला नकळत दोन दांड्यांचा फोर्क काढला जातो. या बाइकला तो नाही. चाक हबमधूनच, म्हणजे मधल्या तुंब्यातूनच, वळतं आणि त्याला धरणारा हात बाजूने येतो. बसणंही वेगळं आहे. कानेदा टाकीवर ओणवा होत नाही. तो खाली, पाठ टेकून बसतो आणि त्याचे पाय पुढे असतात. गुडघा मागे दुमडलात तर ती दुसरीच कुठली तरी रेसिंग बाइक झाली. प्रमाणासाठी चाकाचा व्यास हेच माप धरा आणि संदर्भचित्रात लांबी-उंची त्या मापाने मोजून घ्या.

शाईला ए-३ कागद बरा, कारण ए-४वर मागच्या खिडक्या काढताना हात आखडतो. ओतोमो यांची रेषा बारीक आणि जवळजवळ एकसारखी असते, जाड-बारीक फटकारे तिथे शोभत नाहीत. गाडीच्या बाहेरच्या कडेला मायक्रॉन पेनांपैकी ०५ (०.४५ मिमी), आतल्या भागांना ०१ (०.२५ मिमी), लांबच्या इमारतींना ००५ (०.२० मिमी) एवढं पुरतं. जी-पेन (शाईत बुडवून वापरायची निब) वापरणार असाल तर नवी निब आधी साबणाच्या पाण्याने पुसा. तिच्यावर तेलाचा थर असतो आणि त्यामुळे शाई धरत नाही. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक निबवर सुकून बसते, म्हणून दर काही मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसणं आलंच. (कॅमलिनमध्ये मोठा वाटा २०११ पासून जपानच्या कोकुयोचा आहे. म्हणजे दुकानातून कॅमलची बाटली आणलीत तरी थोडं जपान घरात आलंच!)

मागच्या दिव्याचा लाल पट्टा हा या चित्राचा मान, आणि तिथेच घाई होते. तो वेग दाखवणाऱ्या रेघांसारखा नसतो, गाडी ज्या वाटेने आली ती वाट असतो. दिव्याची रस्त्यापासूनची उंची फारशी बदलत नाही, म्हणून पट्टा रस्त्याच्या कडांबरोबर त्याच लोपबिंदूकडे (समांतर रेघा दूरवर जिथे मिळताना दिसतात तिकडे) जायला हवा. दिव्यापाशी रुंद, मागे निमुळता. गाभा जवळजवळ पांढरा, लाल फक्त कडेला. अल्कोहोल मार्करने रंगवत असाल तर गाभ्याचा पांढरा कागदाचाच राखा, मास्किंग फ्लुइड (रंग अडवणारा, नंतर सोलून काढायचा द्रव) किंवा टेप लावून. लाल मार्करवर नंतर पांढरा जेल पेन फिरवला तर खालचा रंग वर येतो आणि गुलाबी होतो. मार्कर रेषेबाहेर पसरतो, तेव्हा कडेला मिलिमीटरभर जागा सोडून थांबा, रंग आपणहून तिथवर पोचतो.

खिडक्या सगळ्या पेटवू नका. चार-पाचांत एक पुरे, नाहीतर गाडीकडे कोणी बघणार नाही.

छापायचं असेल तर पडद्यावरचा झगझगीत लाल विसरा, तो छपाईच्या शाईत बसत नाही. सीएमवायकेमध्ये (छपाईच्या सायन, मॅजेंटा, यलो, काळा या चार शायांत) मॅजेंटा १००, यलो ९० टक्क्यांच्या आसपास ठेवा. सावलीसाठी काळा मिसळलात तर विटकरी होतो, त्याऐवजी सायन २० ते ३० टक्के घाला.

स्क्रीनटोन (करड्या छटेसाठीची ठिपक्यांची जाळी) लावलेलं चित्र नेटवर टाकताना नको असलेले पट्टे उठतात, त्याचं कारण साधं आहे. ६० रेषांचा (इंचाला ठिपक्यांच्या ६० ओळी) टोन ६०० डीपीआयला (इंचाला ६०० पिक्सेल) स्कॅन केला की एका ठिपक्याच्या वाट्याला १० पिक्सेल येतात. ए-४ची रुंदी तेव्हा ४९६० पिक्सेल असते. ती १०८० वर आणली की ठिपक्याला जेमतेम दोन पिक्सेल उरतात आणि मग ते पट्टे दिसू लागतात. डिजिटल काम असेल तर वेबसाठीच्या प्रतीत टोन बंद करून सपाट करडा रंग ठेवा आणि मगच आकार कमी करा. टोन कागदावर चिकटवलेला असेल तर आधी हलका ब्लर द्या, नंतर लहान करा. मूळ ६०० डीपीआयची फाइल मात्र वेगळी जपून ठेवा, छपाईला तीच लागणार.