चालत्या गाडीतली पंगत : चंद्रपूरची एक संध्याकाळ

मूल तालुक्यातल्या आमच्या गावातले जवळजवळ प्रत्येक माणूस वर्षातून अनेकदा चंद्रपूरला जाते. जाते ते जिल्हा परिषदेत, कोर्टात, सरकारी दवाखान्यात किंवा लग्नाचा बस्ता बांधायला. काम आटोपले की परतीची एसटी गाठण्याची घाई असते, कारण मूल रस्ता चिचपल्लीच्या आसपास जंगलातून जातो आणि अंधार पडल्यावर त्या रस्त्याने कोणी दुचाकीवर यावे, हे घरच्यांना मुळीच मान्य नसते. त्यामुळे ज्या शहराशी आमचा सातबारापासून बाळंतपणापर्यंत सगळा व्यवहार आहे, ते शहर दिवेलागणीला कसे दिसते हे आमच्यापैकी बहुतेकांना ठाऊकच नव्हते. म्हाताऱ्या माणसांनी तर शहराच्या जुन्या तटबंदीतला जटपुरा दरवाजा पाहिला होता तो हातात कागदांची पिशवी धरून, मान खाली घालून त्याखालून जाताना.

धानाची मळणी होऊन पोती घरात आली, की पौषात गावाला थोडी उसंत मिळते. त्या दिवसांत एसटीची गाडी प्रासंगिक करारावर घेऊन दुपारनंतर निघायचे, संध्याकाळभर चंद्रपूर पाहायचे आणि जेवण गाडीतच करायचे, असे ठरले. जेवणासाठी एवढ्या मंडळींना घेऊन एखाद्या खानावळीत बसले असते, तर संध्याकाळचा उत्तम वेळ तिथेच सरला असता. शिवाय दर ठिकाणी गाडीतून चढउतार करणे ज्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही, त्यांना जागेवर बसून शहर दिसावे आणि पोटालाही मिळावे, हा विचार त्यामागे होता.

अशी फिरती पंगत जगात नवी नाही. निवृत्त शिक्षक असलेल्या आमच्या गुरुजींच्या नातवाने सगळ्यांना मोबाइलवर पॅरिस आणि लंडनच्या रस्त्यांवर फिरलेल्या ‘बस्ट्रोनोम’ या दुमजली गाड्या दाखवल्या. त्यांत खालच्या मजल्यावर स्वयंपाकघर असते आणि वरच्या मजल्यावर काचेच्या छताखाली टेबले मांडलेली असतात. मेलबर्न शहरात तर 1983 पासून 2018 पर्यंत जुन्या ट्रामगाड्यांत बसून लोक शहर पाहत जेवत होते. आमच्या गाडीत ना स्वयंपाकघर होते ना टेबल, आणि प्रवासी गाडीत शेगडी पेटवणे धोक्याचे असल्याने तो विचारही कोणी केला नाही. म्हणून सगळा भार घरच्या चुलीवर आणि काय रांधायचे याच्या निवडीवर आला.

ही निवड बचत गटाच्या बायकांनी ज्या बारकाईने केली, ती मला प्रवासाइतकीच मोलाची वाटते. गाडी चालताना खायचे पदार्थ वेगळे आणि गाडी उभी राहिल्यावर वाढायचे वेगळे, अशी वाटणी त्यांनी पहिल्याच बैठकीत केली. चालत्या गाडीसाठी पुडाची वडी, लाखोळीच्या डाळीचे वडे आणि जवसाची चटणी पसरून गुंडाळलेल्या पोळ्या ठरल्या. उभ्या गाडीसाठी भात, वांग्या-आलूचा रस्सा आणि घट्ट वरण ठरले. कढी हवी असा आग्रह काही जणांनी धरला होता, पण आत्याबाईंनी तो एका वाक्यात मोडून काढला : “कढी मांडीवर सांडली, तं शहर कोण पाहीन जी?”

पुडाच्या वडीचे सांगायलाच हवे, कारण प्रवासासाठी इतका नेमका पदार्थ विदर्भात दुसरा नाही. सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वच्छ धुऊन कापडावर पूर्ण कोरडा करावा लागतो, कारण पानांत पाणी राहिले की पारी मऊ पडते आणि वडी तळताना फुटते. बारीक चिरलेल्या सांबारात किसून भाजलेले खोबरे, खसखस, तीळ, लसूण, हिरवी मिरची आणि आमच्याकडच्या जंगलातली चारोळी पडते. बेसन आणि कणकेची पारी लाटून तिला आतून चिंच-गुळाचे पाणी आणि गरम मसाल्याचे बोट फिरवायचे, सारण भरायचे, पाकिटासारखी घडी घालायची आणि मंद आचेवर सावकाश तळायची. आच मोठी झाली तर बाहेरून रंग येतो आणि आतली पारी कच्ची राहते. नीट तळलेली वडी संध्याकाळपर्यंत तिचा कुरकुरीतपणा सोडत नाही, हाताला ओघळत नाही, आणि एका हाताने खाता येत असल्यामुळे दुसरा हात समोरच्या सीटचा दांडा धरायला मोकळा राहतो.

भात आणि रस्सा गरम ठेवण्यासाठी गंज, म्हणजे त्यांची पातेली, गोणपाटात गुंडाळून लाकडी पेट्यांत ठेवले आणि चहूबाजूंनी धानाचे तणस घट्ट ठासले. अगदी मागच्या लांब सीटखाली या पेट्या बसवल्या. पळसाच्या पत्रावळी नेण्याचा विचार झाला होता. पण वळणावर पत्रावळ मांडीवरून घसरते, म्हणून उभ्या काठांची स्टीलची ताटे घेतली आणि ताटाखाली घडी केलेला दुपट्टा ठेवायला सांगितले. दुपट्ट्यामुळे ताट घसरत नाही आणि उष्ण भांड्याचा चटकाही लागत नाही.

चंद्रपुरात शिरल्यावर आम्ही आधी पूर्वेकडचा अंचलेश्वर दरवाजा गाठला, कारण तिथली गोंडराजांची समाधिस्थळे उजेड असतानाच पाहायला हवीत. त्यांतली सर्वांत मोठी समाधी राजा बीरशहाची आहे, आणि ती त्याच्या राणीने, हिराईने उभारली. पत्नीने पतीच्या स्मरणार्थ बांधलेली एवढी भव्य दगडी वास्तू आपल्या जिल्ह्यात उभी आहे आणि आपण तिच्यापासून हाकेच्या अंतरावरच्या बाजारात आयुष्यभर मिरची-मसाला घेत आलो, याची हळहळ बरोबरच्या बायकांच्या बोलण्यात स्पष्ट होती. त्यांपैकी एक-दोघी बराच वेळ समाधीच्या पायरीवर बसून राहिल्या. महाकालीचे मंदिरही हिराईचेच बांधकाम मानले जाते. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्यातून आणि तेलंगणातून येणाऱ्या भाविकांची इथे रीघ लागते. पौषातल्या त्या सायंकाळी मात्र दर्शन चटकन झाले.

सूर्य बुडाला तेव्हा आम्ही गाडीत परतलो होतो. इथून पुढे दक्षिणेचा पठाणपुरा दरवाजा, पश्चिमेचा बिनबा आणि उत्तरेचा जटपुरा, अशी परकोटाभोवतीची, म्हणजे जुन्या तटबंदीभोवतीची, फेरी गाडीतच करायची होती. परकोटाला अगदी लागून मोठी गाडी सगळीकडे नेता येत नाही, म्हणून जिथे रस्ता रुंद तिथून गाडी जात होती आणि काळ्या दगडांची भिंत कधी घरांमागे लपत, कधी अचानक जवळ येत सोबत चालली होती. गाडी सावकाश चालवण्याविषयी ड्रायव्हर भाऊंशी आधीच बोलणे झाले होते, आणि त्यांनी ते इतक्या मनापासून पाळले की गतिरोधक आला की ते आधी मोठ्याने सांगत आणि सगळे ताटावर हात ठेवत.

वाढप सुरू झाले आणि एक अडचण लगेच लक्षात आली. वाढण्यासाठी गाडीतले दिवे लावले, की खिडकीच्या काचेत बाहेरचे शहर दिसेनासे होऊन आपलेच चेहरे आणि आपलीच ताटे दिसू लागतात. आत उजेड आणि बाहेर अंधार असला की काच आरसा होते. दिव्यांखाली बसून जेवणाऱ्याला शहर दिसत नाही आणि शहर पाहायचे तर ताट दिसत नाही. मधल्या रांगेतून मामाजींनी हाक दिली, “लाइट बंद करा जी भाऊ, बाहेरचं काहीच दिसून नाही राह्यलं.” दिवे बंद झाले आणि बिनबा दरवाज्याकडचा रस्ता, दुकानांच्या पाट्या, हातगाड्यांवरचे बल्ब, घरी परतणाऱ्या सायकली, हे सगळे एकदम खिडकीत आले. त्यानंतर आम्ही तीच रीत ठेवली. गाडी थांबली की दिवे लावून वाढायचे, गाडी निघाली की दिवे घालवून खायचे. वडी आणि वडे अंधारातही बोटांना कळतात, आणि अंधारात सांबाराचा व खोबऱ्याचा वास अधिक ठळक येतो हे मी स्वतः अनुभवले. ज्या कोणाला रात्रीच्या सहलीत गाडीत जेवायचे असेल, त्याने हातात धरून खाता येणारे पदार्थ न्यावेत असे मी आग्रहाने सांगेन, आणि त्याचे मुख्य कारण हे आहे.

याच अंधारात गुरुजींनी चंद्रपूरच्या स्थापनेची कथा सांगितली. अंगभर गळवे उठलेला गोंडराजा खांडक्या बल्लाळशहा शिकारीत तहानलेला झरपट नदीच्या पात्राशी आला, तिथल्या खळग्यातले पाणी प्याला, अंग धुतले, आणि त्याची व्याधी गेली. नंतर त्याच परिसरात त्याने एक विलक्षण दृश्य पाहिले : कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा कुत्र्याचा पाठलाग करत होता. राणीने सांगितले की ज्या भूमीवर ससा कुत्र्याला पळवतो तिथे नगर वसवावे आणि सशाच्या धावेवरून परकोटाची आखणी करावी. गाडी त्याच परकोटाच्या कडेने वळत होती, त्यामुळे प्रत्येक वळणावर मुले विचारत होती की ससा इथूनही गेला का, आणि गुरुजी प्रत्येक वेळी तितक्याच गांभीर्याने होकार देत होते. चार दरवाज्यांखेरीज परकोटाला बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण अशा पाच खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे, आहेत. ती नावे मुलांनी त्याच फेरीत तोंडपाठ केली.

वाटेत दीक्षाभूमीजवळ गाडी काही वेळ थांबवली. नागपूरच्या धर्मांतर सोहळ्यानंतर 16 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. गाडीतल्या कित्येक कुटुंबांचे आजी-आजोबा त्या दिवशी बैलबंडीने किंवा पायी तिथे पोहोचले होते. एका ताईने हातातले ताट शेजारणीकडे दिले, हात धुतले आणि खाली उतरून वंदन केले. तिच्या मागोमाग बरेच जण उतरले. जिल्हा कारागृहाच्या बाजूने जाताना गुरुजींनी इंग्रजांविरुद्ध उठाव करणाऱ्या बाबुराव शेडमाके यांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी इथे फाशी दिल्याचे सांगितले, तेव्हा गाडीत आपोआप शांतता झाली आणि खाणेही थांबले. दौऱ्यात जेवण असले की पाहणे उथळ होते, असे काही लोक म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. पोटात काही असलेले आणि परतीची घाई नसलेले माणूस ऐकते, विचारते, आणि थांबायचे कुठे हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

जटपुरा दरवाज्याशी संध्याकाळची वाहतूक इतकी दाटलेली असते की गाडी अलीकडेच उभी करावी लागली. ज्यांना चालणे जमत होते ते उतरून कमानीखालून जाऊन आले. हत्तीवर मात करणारा सिंह हे गोंडराजांचे चिन्ह दरवाज्याच्या दर्शनी भिंतीत कोरलेले आहे, आणि ते पाहायला मान वर करून रस्त्याच्या कडेला क्षणभर उभे राहावे लागते. बरोबरच्या एका शेतकरी काकाजींनी सांगितले की ते तरुणपणापासून या कमानीखालून ये-जा करत आले आणि तो सिंह त्यांनी आज प्रथम पाहिला.

रामाळा तलावाजवळ मोकळ्या जागेत गाडी लावून आम्ही उरलेले जेवण वाढले. तणसातले गंज उघडले तेव्हा भातावरून वाफ निघत होती. दिवे लावलेले होते, गाडी स्थिर होती, म्हणून रस्सा निर्धास्त वाढता आला. एका गतिरोधकावर रश्श्याचा गंज थोडा कलला होता आणि तर्रीचा ओघळ तणसात मुरला होता, एवढेच नुकसान झाले. तलावावरून येणारे वारे बोचरे होते, तरी काही जण ताट घेऊन खाली उतरले. गोंडकाळात याच तलावाचे पाणी मातीच्या नळांनी शहरात खेळवलेले होते, हे ऐकून आमच्या ग्रामपंचायतीतल्या पाणीपुरवठ्याच्या कामाशी संबंध असलेल्या मंडळींची चर्चा अशी रंगली, की त्यांना जेवणाची आठवण करून द्यावी लागली. उतार कसा साधला असेल आणि गाळ कसा काढत असतील, यावर शहर मागे पडेपर्यंत बोलणे चालू होते.

परतीच्या वाटेवर औष्णिक वीज केंद्राच्या धुराड्यांवरचे लाल दिवे दूरवर दिसत होते. 2,920 मेगावॅट क्षमतेच्या त्या केंद्राचा उजेड राज्यभर जातो आणि त्याची राख व धूर चंद्रपूरकर सोसतात, याविषयी गाडीत दोन्ही बाजूंनी मते मांडली गेली आणि ती मांडली जायलाच हवी होती.

पुढच्या मळणीनंतर बल्लारपूरला जायचे, असे चिचपल्ली येण्यापूर्वीच नक्की झाले. वर्धा नदीच्या काठावरचा तिथला किल्ला ही बल्लाळशहाची आधीची राजधानी. त्या खेपेला वरण वगळून पुडाच्या वड्यांचे प्रमाण वाढवायचे, प्रत्येकाच्या पाण्याच्या बाटल्या गळ्यापर्यंत न भरता पाऊण भरायच्या आणि मधल्या वाटेत वाढप्यांसाठी एक दोरी बांधायची, एवढे बदल आत्याबाईंनी वहीत उतरवून घेतले आहेत. लाखोळीच्या वड्यांसाठी डाळ आदल्या रात्रीच भिजत घालावी लागते, म्हणून तारीख चार दिवस आधी कळवण्याची जबाबदारी त्यांनी माझ्याकडे दिली आहे.