चेहरा चिनी, बोली केलांतानची

मी मलेशियात, पेनांगला बायान लेपासच्या एका इलेक्ट्रॉनिक्स फॅक्टरीत आहे. रिफ्लो ओव्हनमधून, म्हणजे सर्किट बोर्डावरचं सोल्डर वितळवणाऱ्या भट्टीतून, अधूनमधून कच्च्या सोल्डरिंगचे बोर्ड यायला लागले, कधी येतील नेम नाही, म्हणून मशीनवाल्यांनी चीनहून इंजिनियर पाठवला. त्याचं इंग्लिश जेमतेम. मॅनेजर म्हणाला, टेन्शन नको, आपला टेक्निशियन चायनीजच आहे की! पाहुण्याने धडाधड मँडरिन सुरू केलं आणि हा पन्नाशीचा गडी नुसता डोकं खाजवतोय. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, माझं मँडरिन हाफ पास्ट सिक्स, म्हणजे अगदीच यथातथा. (मी सांगलीचा, तरी इथे दुकानदार माझ्याशी थेट तमिळमध्ये सुरू होतात, तेव्हा मला त्याची अवस्था बरोब्बर कळली.)

त्यात नाइटची ऑपरेटर, केलांतान या मलेशियाच्याच दुसऱ्या राज्यातून नुकतीच आलेली मलय पोरगी, जीव तोडून काहीतरी सांगत होती. सुपरवायझरही मलयच, पण पेनांगचा, त्याला निम्मं कळेना. केलांतानची बोली वेगळीच, शब्दांचे शेवट गिळून टाकतात, 'काय' विचारायला आपा न म्हणता गापो, 'कसं'ला गुवानो. पोरगी रडकुंडीला आलेली आणि आमचा टेक्निशियन एकदम त्याच बोलीत सुरू झाला की! ते पण कामापुरतं नाही, हेल काढून, थट्टामस्करी करत. सुपरवायझर बघतच राहिला.

पठ्ठ्या केलांतान नदीकाठच्या गावचा निघाला. तिथे चिनी वस्त्या पिढ्यानपिढ्या आहेत, घरात मलय मिसळलेली होक्कियन ही चिनी बोली आणि दाराबाहेर पडलं की केलांतानीच. शाळाही मलय माध्यमाची, कारण 1970 पासून इथल्या सरकारी इंग्लिश शाळा एकेक इयत्ता करत मलय झाल्या आणि हा त्यानंतरचा. चिनी लिपी वाचता येत नाही त्याला. पेनांगच्या होक्कियनमध्येही मलय शब्द आहेतच, दगडाला बातू, आवडण्याला सुका, पण याचं प्रकरण त्याच्या फार पुढचं.

पोरीचं म्हणणं साधं होतं, ओव्हनच्या मागच्या दाराला ट्रॉली घासली की आतला ब्लोअर थांबतो, अलार्म वाजून लगेच जातो. दाराचा इंटरलॉक स्विच, म्हणजे दार उघडलं की मशीन थांबवणारा, ढिला होता, दहा मिनिटांचं काम. हे पाहुण्याला शेवटी मी फोनवरच्या ट्रान्सलेटरने सांगितलं!

दुपारी कँटीनमध्ये टेक्निशियन हाताने नासी केराबू हा तिकडचा भात कालवून खात होता, वर बुडूची धार, तो माशाचा आंबवलेला सॉस हो. पाहुण्याने वास घेतला आणि ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेला.

आता केलांतानवाल्या ऑपरेटरांच्या हँडओव्हरला त्यालाच बोलावतात. तो एचआरकडे दुभाष्याचा अलाउन्स मागतोय, अजून काही मिळालेला नाही.