तुम्ही विचारलंत म्हणून: हाताखाली किती माणसं?

ह्या वेळी गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, सोलापूरला घरी आले तर चार दिवसांत सहा जणांनी तेच विचारलं. गल्लीतली इंजिनिअरिंगची दोन पोरं, मैत्रिणीचा नवरा (तो हिंजवडीत आहे, चार वर्षं झाली एकाच लेव्हलवर बसलाय), आत्येबहिणीचा मुलगा, होम मैदानावर पाळण्याच्या रांगेत भेटलेल्या शाळेतल्या बाई, आणि काका. की एवढ्या मोठ्या कंपनीत प्रमोशन मिळतं कसं, करावं काय लागतं नेमकं. काकांचं आपलं वेगळंच, ते थेट विचारतात, "हाताखाली किती माणसं आहेत?" मी म्हणते एकही नाही, मग ते जरा वेळ गप्प बसतात आणि हुरड्याचा विषय काढतात.

तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं सांगून टाकते. मी हैदराबादला असते, कंपनीचं नाव नाही सांगत, मोठी आहे एवढं पुरे. सिनिअर इंजिनिअर व्हायला मला तीन फेऱ्या लागल्या, म्हणजे दोनदा नापास. तेव्हा हा कुणा हुशार माणसाचा सल्ला म्हणून वाचू नका, दोनदा नापास झालेल्या बाईला पेपर तपासतात कसा हे जेवढं कळतं तेवढंच ह्यात आहे.

लेव्हलचं, म्हणजे पदाच्या पायऱ्यांचं, आधी उरकते. गूगलमध्ये कॉलेजातून आलेला इंजिनिअर साधारण एल ३ ला लागतो, एल ५ म्हणजे सिनिअर, एल ६ म्हणजे स्टाफ, सिनिअरच्या वरची पायरी. ॲमेझॉनमध्ये मात्र फ्रेशरच एल ४ ला लागतो आणि तिथला एल ६ म्हणजे सिनिअर. मायक्रोसॉफ्टचे आकडे ५९ पासून सुरू होतात, सिनिअर ६३ ला. त्यामुळे लग्नाच्या बायोडाटात नुसतं "एल ६" लिहिलेलं दिसलं तर आधी कंपनी विचारा. हसू नका, एका मावशींनी मला खरंच फोन करून विचारलंय. आणि ह्यातलं कुणीही मॅनेजर नसतं बरं का, मॅनेजरची शिडी वेगळी, आमची वेगळी, पण हे काकांना सांगून सांगून मी दमले.

पहिल्या वेळी मला खात्री होती की माझं होणारच. टीममध्ये सगळ्यात जास्त कोड माझा, ऑन-कॉल असताना, म्हणजे बिघाड झाला की धावायची पाळी आपली असताना, रात्री तीनला फोन वाजला की उठून लॅपटॉप उघडायचा, नवीन पोरांचे कोड रिव्ह्यू करायचे, कुणी सुट्टीवर गेलं की त्याचंही काम ओढायचं. आमच्या घरात कष्ट करणाऱ्याला देव कमी करत नाही असं शिकवलेलं, त्यामुळे मी सगळे कष्ट नऊ पानांत भरले आणि पॅकेट पाठवलं. पॅकेट म्हणजे तुम्ही काय काय केलंत त्याचं लिखाण, त्याबरोबर डिझाइनची कागदं आणि सहकाऱ्यांचा फीडबॅक. उत्तर आलं, काम उत्तम आहे पण पुढच्या लेव्हलचा स्कोप, म्हणजे कामाचा आवाका, दिसत नाही. स्कोप! मला वाटलं मॅनेजरनं घात केला. तसं नव्हतं, बिचारा माझ्यासाठी भांडला होता हे नंतर कळलं.

होतं काय, की तुमचा निकाल ज्या मीटिंगमध्ये लागतो तिथे तुम्ही नसता. बऱ्याच ठिकाणी त्याला कॅलिब्रेशन म्हणतात, आजूबाजूच्या टीमचे मॅनेजर एकत्र बसतात, प्रत्येकजण आपापल्या माणसांची नावं पुढे करतो आणि बाकीचे त्यात खोट काढतात, की हे तर आत्ताच्या लेव्हलचंच काम झालं, ह्यात कठीण काय होतं, दुसऱ्या टीमला ह्याचा काय फायदा. काही कंपन्यांत कमिटी असते, तुम्हाला अजिबात न ओळखणारे वरच्या लेव्हलचे इंजिनिअर नुसते कागद वाचून ठरवतात. गूगलमध्ये अशा कमिट्यांची जुनी पद्धत होती, मग २०२२ मध्ये त्यांनी ग्रॅड नावाची नवी पद्धत आणली आणि रिव्ह्यू वर्षातून एकदा केला. मायक्रोसॉफ्टनं २०१३ मध्ये ते कुप्रसिद्ध स्टॅक रँकिंग, म्हणजे माणसांना एकमेकांशी तोलून क्रम लावायची पद्धत, काढून टाकलं. पद्धती बदलत राहतात, एक गोष्ट तीच राहते, की तुमची बाजू दुसऱ्याच माणसाला मांडायची असते आणि त्याच्या हातात असतात जेमतेम काही मिनिटं. माझ्या मॅनेजरच्या हातात मी नऊ पानं दिली होती. त्यातलं कुठलं वाक्य त्यानं मोठ्यानं म्हणावं हे मलाच माहीत नव्हतं, त्याला कुठून कळणार.

हे मला कुणा मेंटरनं नाही सांगितलं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी सांगितलं, तेही फोनवर, आणि आपण काय सांगतोय हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

अण्णा टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. सोलापूरबाहेरच्यांसाठी सांगते, विणणारा कामगार लूम, म्हणजे माग, चालवतो, त्याला नगावर मजुरी, जेवढे टॉवेल तेवढे पैसे. जॉबर विणत नाही. लूम बंद पडला, धोटा अडकायला लागला, बीम नवीन चढवलं आणि ताण जमेना, की जॉबरला हाक. म्हणजे आठवड्याच्या शेवटी अण्णांच्या नावावर एकही टॉवेल नसायचा आणि तरी मालक त्यांना सुट्टी देताना दहादा विचार करायचा. तर मी रडगाणं गायलं, की एवढं केलं, तेवढं केलं, सगळ्यांपेक्षा जास्त केलं. ते ऐकत होते आणि मग म्हणाले, "ते झालं गं. पण तू नसतीस तर काय अडलं असतं?"

मी म्हटलं, अडलं नसतं, दुसऱ्या कुणीतरी केलं असतं, वेळ लागला असता.

"मग तू विणत होतीस," अण्णा म्हणाले, आणि आईकडे फोन दिला.

मला इतका राग आला होता की दोन दिवस मी घरी फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी ती नऊ पानं उघडून प्रत्येक ओळीला तोच प्रश्न विचारला. टिकल्या फक्त दोन ओळी.

दुसऱ्या नापासाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वर्षभर ज्या प्रोजेक्टवर घासलं तो रीऑर्गमध्ये, म्हणजे कंपनीनं टीमची फेरमांडणी केली त्यात, बंद झाला, मॅनेजर बदलला, नव्या मॅनेजरला माझं नावसुद्धा नीट म्हणता येत नव्हतं. ह्यात माझी चूक नव्हती, कुणाचीच नव्हती, आणि हे मुद्दाम सांगतेय कारण प्रमोशनमध्ये नशिबाचा भाग नाही म्हणणारा माणूस एकतर खोटं बोलतोय किंवा त्याचा मॅनेजर अजून बदललेला नाही. मैत्रिणीच्या नवऱ्याचं हेच झालंय, चार वर्षांत तीन मॅनेजर, आणि प्रत्येकजण म्हणतो सहा महिने बघू. त्याला मी सांगितलं, नवा मॅनेजर आला की पहिल्याच महिन्यात जुन्या कामाचं एक पान त्याच्या हातात दे, जुना मॅनेजर जायच्या आधी त्याच्याकडून चार ओळी लिहून घे, मेल चालेल. तो म्हणे असं मागणं बरं दिसत नाही. बरं नाही दिसत, पण माग.

तिसऱ्या वेळचं काम तसं कंटाळवाणं होतं, ऐकायला तर फारच. आमच्याकडून लोकांना मेसेज जायचे, पैसे जमा झाले, ऑर्डर निघाली वगैरे. समोरची सिस्टिम हळू झाली की आमचा कोड पुन्हा पाठवायचा प्रयत्न करायचा, तसाच दुसऱ्या टीमचा, तिसऱ्या टीमचा, सगळे एकदम पुन्हा पुन्हा धडका द्यायला लागले की हळू झालेली सिस्टिम साफ झोपायची आणि लोकांना एकच मेसेज तीन तीन वेळा. प्रत्येक टीम आपापल्या ऑन-कॉलमध्ये आपापलं ठिगळ लावत होती, मीपण लावत होते, दोन वर्षं. म्हणजे विणत होते. मग मी चारही टीमचे रात्रीचे अलर्ट एका शीटमध्ये काढले, फार काही नाही, एक शनिवार गेला, आणि दिसलं की दुखणं एकच आहे. एक डिझाइन डॉक लिहिलं, की पुन्हा पाठवताना थांबण्याचा वेळ दर वेळी वाढवत न्यायचा, त्यात थोडा रँडमपणा ठेवायचा म्हणजे सगळे एकाच क्षणी धडकणार नाहीत, आणि प्रत्येक मेसेजला एक ओळखनंबर द्यायचा म्हणजे तोच पुन्हा आला तर समोरचा ओळखून सोडून देईल. हे माझं संशोधन नाही हो, ह्या धंद्यात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आहे. कठीण होतं ते चार टीमना एकच लायब्ररी, म्हणजे सगळ्यांसाठी एकदाच लिहिलेला तयार कोड, वापरायला लावणं. एका टीमच्या सिनिअरनं मला दोन महिने ताटकळत ठेवलं, शेवटी त्याच्या ऑन-कॉलच्या आठवड्यात सिस्टिम पहाटे झोपली तेव्हा त्याचा स्वतःहून मेसेज आला.

ह्या सगळ्यात मी कोड आधीपेक्षा निम्मासुद्धा लिहिला नाही, आणि मला सतत अपराधी वाटायचं, की आपण नुसत्या मीटिंगा करतोय, काम कुठे करतोय. पण पॅकेट ह्या वेळी दीड पानाचं झालं आणि त्यातलं पहिलंच वाक्य मॅनेजरला पाठ होतं.

एक अडचण मात्र फक्त आपल्याकडची. घरात मी-मी करणं वाईट म्हणून वाढवलेली आपण माणसं, सेल्फ रिव्ह्यू लिहायला बसलो की सगळीकडे "आम्ही केलं", "टीमनं केलं". माझ्या पहिल्या पॅकेटमध्ये "मदत केली" हे शब्द अकरा वेळा होते, मोजले मी. वाचणाऱ्याला काय कळणार की डिझाइन कुणाचं होतं आणि चहा कुणी आणला. आता पोरं मला त्यांचे ड्राफ्ट पाठवतात तर मी तेवढंच बघते. "मदत केली" खोडा आणि काय केलं ते लिहा. खोटं नका लिहू, फीडबॅकमध्ये लगेच उघडं पडतं, सहकाऱ्यांना विचारतातच.

गल्लीतल्या पोरांनी विचारलं होतं, आधी प्रमोशन मग काम की आधी काम. अरे, यात्रेच्या दिवशी कुणी पहिल्यांदाच नंदीध्वज, मिरवणुकीतली ती उंच जड काठी, उचलतं का? त्याचा सराव आधीपासून चालतो, बघितलाय तुम्ही. इथेही बहुतेक ठिकाणी तसंच आहे, वरच्या लेव्हलचं काम काही महिने करून दाखवलं की मग लेव्हल मिळते, तोवर जुन्याच पगारात. हे अन्यायाचं वाटत असेल तर आहेच थोडं. आणि म्हणूनच पुष्कळ लोक कंपनी बदलून वर जातात, बाहेरून येणाऱ्याला त्याच लेव्हलला जास्त पैसे मिळालेले मी डोळ्यांनी बघितलेत. बदलायची असेल तर खुशाल बदला, फक्त नवीन ठिकाणी पहिलं वर्ष ओळख होण्यातच जातं हे धरून चला. आणि एका लेव्हलला थांबायचं असेल तरी थांबा की. सिनिअरच्या पुढे नाही गेलात तर बहुतेक मोठ्या कंपन्या काही म्हणत नाहीत, आमच्याकडे पन्नाशीचे एकजण आहेत, वर्षानुवर्षं सिनिअरच, साडेपाचला घरी जातात, मला त्यांचा हेवा वाटतो.

पैशांचंही सगळ्यांना ऐकायचं असतं, पण आडून आडून. बेसिक लगेच वाढला, वाटलं होतं त्यापेक्षा कमी, शेअरचा भाग पुढच्या रिव्ह्यूला वाढला आणि तो चार वर्षांत थोडा थोडा हातात येतो, त्यामुळे लोक सांगतात तो मोठा आकडा त्या वर्षी खिशात नसतो.

प्रमोशन झालं तेव्हा मी हुसेनसागर एक्सप्रेसमध्ये होते, घरीच निघाले होते, मॅनेजरचा फोन वाडीच्या आसपास दोनदा कटला. घरी पोचल्यावर अण्णांना सांगितलं, पगाराचा आकडाही सांगितला. त्यांनी शेंगाचटणीचा घास हातात धरून तो आकडा दोनदा विचारला. मग म्हणाले, "काकाला हे सांगू नकोस."

मी म्हटलं, मग त्यांना काय सांगू?

"हाताखाली चार माणसं आहेत म्हण."